धापेची साक्ष

‘रुग्णाने नेमून दिलेला कठोर व्यायाम वर्षभर पूर्ण तीव्रतेने केला. तरीही हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर जाड होत गेले आहे. सबब, या रुग्णाच्या बाबतीत व्यायाम निष्प्रभ ठरला असून तो थांबवण्यास हरकत नाही.’

दागरुनने डॉक्टरांच्या अहवालातल्या ‘सबब’ या शब्दाखाली पेन्सिल इतक्या जोरात ओढली की टोक मोडून वॅफलच्या ताटलीत पडले.

“आता शिसं खायला घाल मला,” तिचा भाऊ ओद्वार म्हणाला. “नाहीतरी बाकी सगळ्या गोळ्या खातोच आहे.”

ती हसली नाही. बर्गनच्या विद्यापीठात तिने आयुष्यभर मध्ययुगीन मठांच्या बखरी शिकवल्या होत्या, आणि कर्मणी प्रयोगात लिहिलेल्या निष्कर्षांवर तिचा काडीइतका विश्वास उरला नव्हता. मठाधिपती शांतपणे निवर्तले, असे ज्या बखरीत लिहिलेले असते, ती बखर बहुधा पुढच्या मठाधिपतीने लिहवून घेतलेली असते.

“वर्षभर केला, हे खरं. मीच तुला फोन करून पिटाळत होते,” ती म्हणाली. “पण ‘पूर्ण तीव्रतेने’ हे कोणी पाहिलं? राजधानीत बसलेल्या डॉक्टरांनी? त्यांना कोणी सांगितलं? आणि औषध पोटात गेलं की नाही हे न बघताच औषध कुचकामी ठरवायचं, ही कुठली पद्धत?”

“प्राध्यापकबाई, कॉफी निवतेय.”

ती उठून खिडकीशी गेली, परत आली, पुन्हा गेली. खाली फ्योर्डच्या खाडीचे पाणी शिशासारखे पडून होते. ओद्वारच्या छातीत आता दुसऱ्या कुणाचे हृदय होते. ते बसवताना त्याच्या संवेदना वाहणाऱ्या नसा तुटल्या होत्या, त्यामुळे उद्या त्याच्या वाहिन्या आतून बुजत गेल्या तरी छातीत कळ येईलच असे नव्हते. घराला चोर लागला तरी भुंकायला कुत्रा नाही, अशी गत. दुसऱ्यांदा हृदय मिळेल का, असे तिने मागे विचारले, तेव्हा डॉक्टर ओद्वारच्या वयाचा आकडा पुटपुटून कागद नीट करीत राहिले होते. कठोर व्यायामाने ही जाडी रोखली जाते असे वचन कोणी दिले नव्हते; आशा मात्र दाखवली होती. आणि आता एका ‘सबब’ने तीही काढून घेतली जात होती.

“चल,” ती म्हणाली. “आज मी येते व्यायामाला. तुझ्याकडून तो करवून घेणाऱ्या त्या पोरीची उलटतपासणी घेते.”

पण ओद्वार लगेच निघेना. शेजारच्या कोलबाइनचा गाडीमागे जोडायचा ट्रेलर त्याने लाकडे आणायला मागून घेतला होता, तो आधी परत करायचा होता. त्याने तो पाण्याने धुतला, चाकांतला चिखल काडीने उकरून काढला, कड्यांना ग्रीस लावले. दागरुन अंगणात येरझारा घालीत होती.

“त्याने दिला तेव्हा इतका स्वच्छ होता?”

“नव्हता. पण आपल्याकडून तसा जायला नको.” त्याने फडक्याने नंबराची पाटीसुद्धा पुसली. “लाकडंही थोडीच भरली होती. आपला असता तर लादला असता.”

व्यायामकेंद्रातली सिन्नोवे वयाने तिच्या विद्यार्थिनींएवढी होती. दागरुनने खुर्चीत बसायचे नाकारले आणि उभ्यानेच आरोपपत्र वाचून दाखवले: चालण्याच्या यंत्राच्या पट्ट्याचा वेग कोण ठरवतं, चढ कोण ठरवतं, माणूस पुरता दमला हे कशावरून ठरतं?

“त्यांच्यावरूनच,” सिन्नोवे म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. “नाडीवर फार विसंबता येत नाही. हे हृदय उशिरा जागं होतं. माणूस पळायला लागतो तेव्हा ते अजून आळसच देत असतं, आणि माणूस थांबला तरी ते धडधडत राहतं. म्हणून आम्ही विचारतो.”

तिने भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवले. सहापासून वीसपर्यंतचे आकडे. तळाशी ‘श्रम नाहीत’, वर ‘याहून अधिक अशक्य’.

“म्हणजे विचारायचं, आणि सांगेल ते लिहायचं.”

“हो.”

“आणि माणूस खोटं बोलला तर?”

सिन्नोवेला प्रश्नच कळला नसावा. “स्वतःच्याच जिवाबद्दल? कशाला बोलेल?”

उभ्या देशाची भाबडेपणाची मिरास या पोरीच्या वाट्याला आली आहे, असे काहीतरी दागरुनच्या ओठांवर आले होते. पण तेवढ्यात पट्टा सुरू झाला.

चार मिनिटे जिवाच्या करारावर, मग थोडी उसंत, आणि पुन्हा तेच; असा तो व्यायाम होता. ओद्वार मान खाली घालून झपझप चालू लागला. चेहरा लाल झाला. त्याने कपाळ पुसले.

“किती?” सिन्नोवेने विचारले.

“सतरा.”

“म्हणजे खूप जड. छान. असंच.”

दागरुन भिंतीला टेकली. खरेच केले होते तर याने. मग कागद खरा होता, आणि आता करण्यासारखे काही उरले नव्हते. तिने पेन्सिल मुठीत घट्ट धरली.

“अगं, कोलबाइनची गंमत सांगायची राहिलीच,” ओद्वार पट्ट्यावरून म्हणाला. “गेल्या शनिवारी त्याने बायकोला न सांगता जी बोट विकत घेतली, ती तिच्याच भावाची निघाली, आणि त्या भावाने ती बहिणीला सांगूनच विकायला काढली होती, म्हणजे सबंध गावात ज्याला ठाऊक नव्हतं असा एकटा कोलबाइनच!”

सिन्नोवे खळखळून हसली.

दागरुन हसली नाही. तिने ते वाक्य मनात पुन्हा ऐकले. लांबलचक, वळणावळणाचे, आणि मध्ये एकदाही श्वासासाठी न तुटलेले. ती स्वतः या इमारतीचे दोन जिने चढून आली तेव्हा तिला ‘नमस्कार’सुद्धा दोन तुकड्यांत म्हणावा लागला होता.

ती यंत्राजवळ गेली. भावाच्या चेहऱ्याकडे न बघता तिने चढाचे बटण दाबले, आणि दाबून धरले.

पट्ट्याचे नाक वर उचलले जाऊ लागले.

“नको!” ओद्वारने दोन्ही दांड्या पकडल्या आणि पाय फाकवून तो पट्ट्याच्या कडांवर उभा राहिला. मोकळा पट्टा त्याच्या खालून सरकत राहिला. “दागरुन, नको. बंद कर ते.”

त्याच्या आवाजात भीती होती. धाप नव्हती.

सिन्नोवेने यंत्र थांबवले. तिची नजर तक्त्यावर गेली, मग त्याच्या छातीवर, आणि तिथून जमिनीवर.

“वर्षभर?” दागरुनने विचारले. तिच्या आवाजात वर्गातली धार होती. “वर्षभर सतरा म्हणत आलास? का? कोणी शिकवलं तुला हे?”

ओद्वार खाली उतरला. टॉवेल घेऊन त्याने आधी उजवी दांडी पुसली, मग डावी, मग बोटांचे ठसे उमटलेली काच. टॉवेलची घडी घातली. बहिणीकडे बघताना त्याचा चेहरा ट्रेलर परत करताना होता तितकाच सरळ होता.

“सतरा कधीच नव्हतं. बारा, फार तर तेरा. दम लागायला लागला की मी पाय आखडता घ्यायचो. ऑपरेशननंतर शुद्धीवर आलो तेव्हा तूच बसली होतीस ना उशाशी. पहिलं वाक्य तुझंच ऐकलं मी. ‘दुसऱ्याचं आहे ते, ओद्वार, जपून वापर.’ मी जपून वापरलं.”