सोळा मात्रांची नदी

“थांब थांब! भिंगरे, नदी कुठे गेली तुझी?”

बाईंनी टाळी वाजवली. तबला थांबला. सात मुली हातांच्या लाटा करत खिडकीपर्यंत पोचल्या होत्या. आठवी, दहा वर्षांची भिंगरी, खोलीच्या मधोमध उकिडवी बसली होती. बोटं जमिनीला टेकलेली.

“इथेच आहे, बाई.”

“नदी अशी बसत नाही गं. डोंगरातून निघते, वळते, समुद्राला मिळते. सोळा मात्रांत खिडकी गाठायची.”

“आमच्या पुलाखाली बसते. मी रोज बघते.”

मुली फिदीफिदी हसल्या. तबल्यावर बसलेले बाईंचे यजमान मात्र हसले नाहीत. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी तीस वर्षं काढली होती.

“खरं सांगतेय ती,” ते म्हणाले. “तू कुठे उतरलीस चार वर्षांत पुलापर्यंत?”

उतरल्या नव्हत्या. गुडघे घर ते लाँड्रीवरची ही खोली, एवढंच चालू द्यायचे. आणि नदीचा हा नाच बघायला त्यांना पुलापर्यंत जायची गरज कधी वाटली नव्हती. तो त्यांना थोरल्या बाईंनी, म्हणजे त्यांच्या गुरूंनी दिला होता. “यातलं बोटसुद्धा बदलू नकोस. दिलं तसं पुढे दे,” असं शेवटच्या आजारात बजावून सांगितलं होतं. चाळीस वर्षं बाईंनी बोट बदललं नव्हतं. दहा दिवसांनी ग्रंथालयात हवामान बदलावर कार्यक्रम होता, तिथे हाच नाच व्हायचा होता.

संध्याकाळी बाई भिंगरीबरोबर निघाल्या. घाटाच्या पायऱ्या त्यांनी एकेक करून उतरल्या.

“हात धरा, बाई. सावकाश. नदी कुठे पळून चाललीय!”

खाली दगडच दगड होते. पुलाच्या खांबापाशी एक डबकं उरलं होतं आणि त्यात बोटाएवढे मासे एकमेकांना खेटून होते. भिंगरी काठाशी उकिडवी बसली. पाण्याच्या कडेपासून तिने ओल्या मातीवर बोटं आडवी टेकवली.

“काल इथपर्यंत होतं. आज चार बोटं मागे गेलं.”

बाई बघत राहिल्या. वर्गात पोर आळस करतेय असं त्यांना वाटलं होतं. ती तर माप घेत होती.

घरी आल्यावर त्या बराच वेळ गुडघ्यांना तेल चोळत बसल्या.

“अहो, नदी मध्येच थांबवली तर?”

“आणि थोरल्या बाईंना दिलेला शब्द?”

“तेच तर. पण त्यांनी नदीवर नेऊन शिकवलं होतं मला. पाण्यात उभं करून. मी या पोरींना खिडकी दाखवतेय.”

यजमानांनी विचार केला. “मग मी काय वाजवू तिथे?”

“काही नाही. एक अख्खं आवर्तन गप्प.”

“सोळा मात्रा मांडीवर हात ठेवून बसू? लोकांना वाटेल, म्हातारा झोपला.”

“वाटू दे. घोरू नका म्हणजे झालं.”

ग्रंथालयाच्या सभागृहात उकाडा होता. एका तज्ज्ञांनी पडद्यावर तापमानाचे आलेख दाखवले. लोक हातातल्या पत्रिकांनी वारा घेत ऐकत होते. मग मुली आल्या. आठ नद्या डोंगरातून निघाल्या, वळल्या. एकेक नदी जागच्या जागी विरत गेली. भिंगरी मध्ये उरली, खाली बसली, बोटं टेकवली. तबला थांबला.

बाई पडद्याआड ओठांनी मात्रा मोजत होत्या. पाचव्या मात्रेला कुणीतरी टाळी वाजवली आणि ओशाळून थांबलं. भिंगरीची बोटं मागे सरकली. नवव्या मात्रेला पुन्हा सरकली. पत्रिका हलायच्या थांबल्या होत्या. सोळावी मात्रा आली आणि गेली, तरी कुणी काही वाजवलं नाही.

नंतर बाईंची सगळ्यांत जुनी शिष्या जवळ आली. तिचे डोळे ओले होते, पण आवाज कडक. “थोरल्या बाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या?”

“रागावल्या असत्या,” बाई म्हणाल्या. “हक्कच होता त्यांचा.”

शनिवारी त्यांनी भिंगरीला एकटीला बोलावलं.

“आजपासून जुना नाच. समुद्रापर्यंतचा.”

“पण तो आता खोटा आहे ना, बाई?”

“पाणी आलं की खरा होईल. तेव्हा कुणाला तरी यायला नको?”

“कधी येईल पाणी?”

“ते मला नाही माहीत, बाळा. मी असेन का, तेही नाही माहीत. म्हणून तुला नीट यायला हवा.”

बाई खुर्चीवर बसल्या. “पावलं तू टाक. माझे हात बघ.”

त्यांचे सुरकुतलेले हात डोंगरातून निघाले. भिंगरीचे पाय मागोमाग चालले. शेवटच्या मात्रेला दोन्ही तळवे उघडायचे, तिथे नदी संपून समुद्र होतो. भिंगरीने ते घाईने उघडले.

“हळू,” बाई म्हणाल्या. “पुन्हा. डोंगरापासून.”