दोन किल्ल्यांची पेटी

मी एक पेटी. हातभर लांब, जाड पत्र्याची, दोन कुलपांची. माझ्या झाकणावर पोचे आहेत, ते घणाचे. आणि उजव्या कोपऱ्याच्या सांध्यात जे काळं दिसतंय, तो गंज नाही. माझ्या हातून माणूस मरता मरता वाचला, म्हणून आज तोंड उघडलंय.

माझा जन्मच मारहाणीत झाला. लोखंडी कपाटं बनवायच्या एका कारखान्यात मला कापलं, वाकवलं, हातोड्यांनी झोडपलं आणि मग वेल्डिंगच्या जाळाने शिवलं. ओरडायची सोय नव्हती, कारण झाकण सगळ्यात शेवटी बसवलं.

त्या वर्षी तिथला रंगारी खोकून खोकून दवाखान्याच्या पायरीवर मेला होता. आत घ्यायला आधी पैसे भरायचे होते आणि ते त्याच्याकडे नव्हते. त्याला पोचवून आल्यावर ड्रिलवर काम करणारी आक्का म्हणाली, "जात्यातले रडतात नि सुपातले हसतात. आपण सगळे सुपातले आहोत. काहीतरी करू या." तेव्हापासून दर आठवड्याला प्रत्येकाने थोडे पैसे बाजूला टाकायचे, आणि जो आजारी पडेल किंवा ज्याला लागेल त्याच्यासाठी ते काढायचे, असं ठरलं.

पहिला डबा पातळ पत्र्याचा होता, तो कुणीतरी फोडून नेला. म्हणून मग मी. एक किल्ली आक्काकडे, दुसरी पहिलवानाकडे. दोन्ही लागल्याशिवाय मी उघडत नसे. चोराला डोळ्यांपुढे ठेवून मला घडवलं. ज्याला घाई आहे त्याचा विचार कुणालाच सुचला नाही.

पहिलवान हे त्याचं खरं नाव नव्हे. पहाटे उठून जोर-बैठका काढायचा, तंबाखू नाही, दारू नाही, चहासुद्धा नाही. अकरा वर्षांत त्याने माझ्यातली एक दमडी घेतली नव्हती. पैसे टाकताना मात्र त्याचा चेहरा दाढ उपटून दिल्यासारखा व्हायचा. तरी माणूस सचोटीचा, म्हणून तर किल्ली त्याच्याकडे होती.

त्याच्या अगदी उलट धाकटा. दोघे भाऊ तिथे कामाला होते, थोरला वेल्डिंगवर आणि धाकटा पत्रा कापायच्या मशीनवर. धाकटा हसरा, कामाला वाघ, पण बाटलीपुढे शेळी. त्याच्यासाठी मी दोनदा उघडले होते. एकदा पोटासाठी, एकदा पिऊन सायकलवरून पडला म्हणून. दुसऱ्या वेळी किल्ली देताना पहिलवानाने बजावलं होतं, "तिसऱ्यांदा माझ्याकडे यायचं नाही."

तिसरी वेळ एका सकाळी अकराच्या सुमारास आली.

मशीनच्या पात्यापुढे एक जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. त्या दिवशी ती खुंटीवर होती. मी समोरच्या फळीवर बसून सगळं बघायची, म्हणून सांगते, ती जाळी मशीनपेक्षा खुंटीवरच जास्त असायची. मजुरी नगावर, आणि जाळीने हात अडतो. त्या मशीनवर काम असलं की पहिलवानही ती काढायचा. त्याची बोटं शाबूत राहिली, एवढंच. धाकट्याच्या तोंडाला मात्र रात्रीचा वास होता, आणि तो सगळ्यांना आला.

पातं खाली आलं. आवाज पत्रा कापल्याचाच होता, थोडा मऊ. उजव्या हाताची चार बोटं कपच्यांत जाऊन पडली. धाकटा आधी हसला, मग खाली बघितलं आणि किंचाळला. थोरल्याने शर्ट फाडून त्याचा हात आवळला. आक्काने एकेक बोट वेचून स्वच्छ फडक्यात गुंडाळलं, पिशवीत घातलं, आपला जेवणाचा डबा रिकामा करून त्यात बर्फ भरला आणि पिशवी त्यावर ठेवली. दवाखान्यातून फोनवर सांगितलं, लगेच आणलीत तर जोडता येतील, पण आधी निम्मे पैसे भरा. मालक फोनवर एवढंच म्हणाला, "जाळी कुणी काढली? मग मला कशाला विचारता?" त्यानंतर त्याचा फोन लागलाच नाही.

"किल्ली दे," थोरला म्हणाला.

"नाही देणार. मी घाम गाळतो तो तुझ्या भावाच्या बाटलीसाठी नाही. करावं तसं भरावं."

"अरे, बोटं बर्फात आहेत त्याची!"

"आणि उद्या माझी पोर आजारी पडली नि पेटी रिकामी निघाली, तर? तू भरशील?"

"पहिलवान," आक्का म्हणाली, "भांडण मागाहून करू. आधी दे ती."

"आक्का, तू दर वेळी हेच म्हणतेस."

काहींनी त्याच्या बाजूने माना डोलावल्या. हे मला लागलं, पण त्याचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं.

थोरल्याने घण उचलला. पहिला घाव बसला तेव्हा माझ्या पोटातली नाणी किंचाळली. दुसरा, पाचवा, दहावा. तो मारत होता, शिव्या देत होता, रडत होता. मी फुटेना. ज्यांनी मला घडवलं त्यांनी जीव ओतून घडवलं होतं. त्या दिवशी मला स्वतःच्या मजबुतीची किळस आली.

"ती नाही फुटायची," पहिलवान मागून म्हणाला. "तिचं वेल्डिंग मी तपासलंय."

थोरल्याने घण टाकला आणि दोन्ही हातांनी मलाच उचललं. क्षणभर मी सगळ्यांच्या डोक्यांच्या वर होते. मग कोपऱ्यापासून पहिलवानाच्या कपाळावर उतरले. नारळ फुटतो तसा आवाज झाला. तो पाय दुमडून जागच्या जागी बसला आणि मग आडवा झाला. त्याच्या गळ्यातली किल्ली थोरल्याने दोऱ्यासकट ओढली. ती रक्ताने बुळबुळीत झाली होती. आक्काने आपली किल्ली लावली. पहिलवानाचं कुलूप अगदी सहज उघडलं.

दोघांना एकाच टेम्पोत घातलं. आक्काने मला मांडीवर घेतलं. दवाखान्यात काचेमागच्या कारकुनाने पैसे मोजले आणि विचारलं, "हे एकाचेच होतात. कुणाचे धरू?"

थोरला भिंतीला टेकून आपल्या हातांकडे बघत होता. त्याला न्यायला पोलीस निघाले होते. पहिलवानाची बायको धावत आली. आपल्या नवऱ्याने किल्ली नाकारली होती, हे तिला माहीतही नव्हतं. ती प्रत्येकाला विचारत होती, "ह्यांनी कुणाचं काय वाकडं केलं होतं?"

"डोक्याचे धरा," धाकटा म्हणाला.

"वेळ निघून जाईल रे," आक्का म्हणाली.

"जाऊ दे. बोटं मी घालवली. त्याचं डोकंही माझ्यापायी जायला नको."

त्याने जेवणाचा डबा माझ्या झाकणावर ठेवला. आक्का पैशांसाठी फोन करून करून थकली. दुपारभर बर्फ वितळत राहिला आणि त्याचं पाणी माझ्या पोच्यांत साचत राहिलं. संध्याकाळी डॉक्टरांनी डबा उघडून बघितला आणि परत बंद केला.

पहिलवान जगला. तीन महिन्यांनी कारखान्यात आला तेव्हा एक पाय ओढत होता आणि शब्द अडखळत होते. थोरला तुरुंगात होता. पहिलवानाने मोटारसायकल विकली होती. पैशांचं पुडकं त्याने माझ्यावर ठेवलं.

"माझ्यावर झालेला... सगळा खर्च. कुणाचे उपकार नकोत मला."

धाकटा आता डाव्या हाताने कपाटं रंगवायचा. तो आला. अंगठा तेवढा उरलेला उजवा हात त्याने पुडक्याशेजारी ठेवला.

"बोटांचे किती लावलेस?"

पहिलवानाने छिन्नी आणि हातोडा उचलला. आक्का मधे धावली. मलाही वाटलं, आता आणखी एक मुडदा पडणार. पण तो माझ्याकडे वळला. त्याच्या कुलपाचा कोयंडा जिथे जोडलाय, तिथे खालच्या अंगाला छिन्नी धरली आणि तीन घाव घातले. कोयंडा कुलपासकट खाली पडला.

मला तपासणारा तोच होता. वेल्डिंग कुठे कच्चं राहिलंय हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्या सकाळीही ठाऊक होतं. धाकट्याच्याही ते ध्यानात आलं. आक्काने आपलं कुलूप उघडलं. मग धाकट्याने डाव्या हाताने पुडकं उचललं आणि माझ्यात टाकलं.

आता मला एकच कुलूप आहे, आणि त्याची किल्ली खुंटीवर असते, त्या जाळीच्या जागी. जाळी मशीनवर गेली. धाकटा अजून कधीतरी पितो. पहिलवान अजून अडखळत म्हणतो, करावं तसं भरावं. आठवड्याच्या आठवड्याला दोघेही पैसे टाकतात, एकमेकांकडे न बघता.

अशी पेटी तुम्हीही कुठेतरी बनवाल. चोरासाठी कुलूप लावा, माझी हरकत नाही. कुणाची चूक किती यावर हवं तेवढं भांडा, पण माणूस दवाखान्यात पोचल्यावर. आणि बाबांनो, कुणाचं डोकं फोडल्याशिवाय उघडणारच नाही, इतकी घट्ट ती बंद करू नका.