डेमलरचे दिवे

भंडाऱ्याच्या कासाराची लेक ती. मळकं पितळ दिसलं की रुखमिणीचे हात शिवशिवायचेच. त्यात शहापूरच्या गाडीखान्यातली मालगुजारांची ती डेमलर, सत्तावीस सालची विलायती बया! तिच्या दोन्ही मोठ्या दिव्यांवरचा पांढरा थर जागोजाग विरला होता, खालून पिवळं डोकावत होतं. "बाई बाई, पितळेवर केवढा मळ हा!" म्हणत रुखमिणीनं चिंच, राख अन् काथ्या घेऊन दिवे लख्ख पिवळे करून टाकले.

तिचा नवरा यादोराव, गाडीचे जुने ड्रायव्हर, पेट्रोल घेऊन आले, दिवे बघितले आणि मटकन खालीच बसले.

"काय केलं वो हे? मळ नाही, निकलचा मुलामा होता तो! कंपनीचा!"

धाकले मालक भैयाजी आजच गाडी बघायला येणार होते. नागपुरात जुन्या गाड्यांची मिरवणूक होती. गाडी मुळातली जशीच्या तशी पाहिजे, काही बिघडलं तर कायमची नागपूरला नेईन, असं त्यांनी फोनवर बजावलं होतं. गोंदिया तुटून वेगळा जिल्हा झाला, मोठे मालक गेले, तरी गाडीची किल्ली यादोरावांच्याच कमरेला राहिली होती. "त्या गाडीतच जाऊन झोपा," असं रुखमिणी कितीदा तडकून बोलली असेल! आता तीच देवाला हात जोडत होती, गाडी राहू दे म्हणून. तिनं दिव्यांना चुनासुद्धा फासून बघितला. मेला ओघळून गेला.

तेवढ्यात दारात जीप थांबली. भैयाजी उतरले आणि थेट दिव्यांपाशी येऊन उभे राहिले.

"हे कोणी केलं?"

रुखमिणीनं चुन्याचे हात पदराआड लपवले.

"मीनं केलं, भैयाजी," यादोराव म्हणाले. "बुद्धी फिरली माही."

"तुमी? माशी बसू देत नव्हते तुमी हिच्यावर!"

"हो. मीनंच."

भैयाजींनी हात पुढे केला. यादोरावांनी कमरेची किल्ली सोडून त्यांच्या हातावर ठेवली. जीपच्या ड्रायव्हरनं डेमलर बाहेर काढली, गिअर करकरला, तसे यादोराव कळवळले. गाडी हायवेला लागून दिसेनाशी झाली.

रुखमिणी रडायलाच लागली. "माहं नाव काहून नाही सांगतलं?"

"तुले त्यायनं वाकडं बोललं असतं," यादोराव म्हणाले, "अन् मले ते आयकवलं नसतं."