गुन्हिल्डकाकूंच्या कुंपणाजवळचा खांब

मित्रांनो, मी एक जुना विजेचा खांब आहे. अंगाला भेगा पडल्या आहेत, पण अजून ताठ उभा आहे.

मी मूळचा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागातला पाइन वृक्ष. मला तोडले तेव्हा १९३०च्या दशकातल्या मंदीने देश गारठला होता. लाकूड घ्यायला कुणी येईना. लाकूड कापायची गिरणी बंद पडली आणि मी दोन हिवाळे तिच्या अंगणात लोळत पडलो. सरकार तरी काय करणार, ते आपले दूर राजधानीत, असे लोक म्हणत.

मग एके दिवशी गिरणीचा भोंगा वाजला. शहरातली वीज कंपनी खेड्यांत तारा न्यायला तयार नव्हती. चार गाईवाल्यांसाठी एवढा खर्च कोण करणार? तेव्हा सरकारने शेतकऱ्यांना सांगितले, "तुम्ही विजेची सहकारी संस्था काढा, भांडवल आम्ही उसने देतो." खांबांना मागणी आली. माझी साल सोलली, कुजू नये म्हणून काळे तेल पाजले आणि मी ट्रकवर चढलो. वाटेत नवे रस्ते, नवे पूल दिसत होते. जिथे तिथे माणसे कामाला लागली होती. काय सांगू, मला वरातीत निघाल्यासारखे वाटत होते!

पण मला उभे करायला माणसे आली, तर माझ्यासाठी खणलेल्या खड्ड्यावर खुर्ची टाकून एक म्हातारी मोजा विणत बसलेली! या गुन्हिल्ड ट्वाइट. गावात सगळे त्यांना काकू म्हणत.

तारा ओढणाऱ्या टोळीचा मुकादम ऑर्व्हिल पेक हात जोडून म्हणाला, "काकू, उठा की जरा."

"उठते. आधी सरकारला उठव माझ्या जमिनीवरून."

"अहो, सरकार कुठंय इथं? मी आहे फक्त!"

"तूच ते सरकार. खड्डा माझ्या हद्दीत चार फूट आत खणलायस. विचारलंस?"

ऑर्व्हिलने नकाशा उलटासुलटा करून पाहिला आणि डोके खाजवले. चूक त्याचीच होती.

पुढच्या दोन्ही दिवशी काकू खुर्ची घेऊन हजर. तिकडे जमीन गोठायची वेळ जवळ येत चाललेली. एकदा ती गोठली की टोळी दुसऱ्या भागात जाणार आणि काकूंच्या पलीकडची चार घरे अंधारात राहणार. त्यांतलेच एक डॅग्नी सोलुमचे. घरात जुळी तान्ही बाळे, त्यामुळे दिवसभर हातपंपाने पाणी उपसून धुणे. हात फुटून लाल झाले होते तिचे. तिसऱ्या दिवशी ती कॉफीचे भांडे घेऊन आली आणि काही न मागता काकूंशेजारी, आडव्या पडलेल्या माझ्यावरच बसली.

काकूंनी तिच्या हातांकडे पाहिले आणि विणकाम खाली ठेवले.

"मागच्या खेपेला सरकारी माणूस दारात आला ना डॅग्नी, तेव्हा माझ्या पोराला, आर्नेला, लढाईवर घेऊन गेला. परत आलं ते नुसतं पत्र."

मग ऑर्व्हिलने टोपी काढली.

"काकू, या खेपेला न्यायला नाही, विचारायला आलोय. उशिरा विचारतोय, ती माझी चूक. परवानगीच्या कागदावर तुमची सही नसली तर खड्डा बुजवून जायचं, असा नियमच आहे."

"म्हणजे मी नाही म्हटलं, तर सरकार निघून जाईल?"

"मुकाट्यानं."

काकूंनी त्याच्याकडे रोखून पाहिले. "मग हे आधी सांगायला काय झालं होतं, गाढवा? जिथं नाही म्हणता येतं, तिथं हो म्हणायला मी कशाला भिऊ? आण तो कागद. आणि ही खुर्ची उचल, पाठ मोडली माझी!"

डॅग्नी हसता हसता रडली. दुपार व्हायच्या आत मी खड्ड्यात ताठ उभा होतो.

नाताळच्या आधी तारांतून वीज धावली आणि माझे अंग झिणझिणले. सोलुमांच्या घरी धुण्याचे यंत्र घरघरू लागले. काकू तर संस्थेच्या सभासद झाल्या, वर्षभरात संचालकही! बैठकीत त्या उठल्या की भलेभले खुर्चीत सरळ बसत. "सरकारनं हात दिला, हे खरं. पण आता घर आपलं आहे, केर आपणच काढायचा," असे त्या ठणकावून सांगत.

दर रविवारी चर्चमधून येताना मी आतून कुजून पोकळ झालोय का ते पाहायला त्या माझ्या बुंध्यावर मूठ आपटत, कान लावत आणि म्हणत, "भरीव आहे अजून."

काकूंना जाऊन आता कितीतरी वर्षे झाली. दिवे लागतातच, असे सगळे धरून चालतात. माझ्याकडे कुणी पाहत नाही. माझी तक्रार नाही, मित्रांनो, एक विनंती मात्र आहे. जे सगळ्यांचे असते, त्यावर अधूनमधून मूठ आपटून पाहा. भरीव आवाज आला, तर शीळ घालत पुढे जा. पोकळ आला, तर घरी जाऊन झोपू नका. बैठकीला जा आणि उभे राहून बोला.