सम्राटचं न्यूझीलंड

रेडिओ मंडळातल्या बाप्यांचा शमशादला मनापासून तिटकारा होता, तरी ती बैठक चुकवायची नाही. मुठीत मावणारा रेडिओ घ्यायचा, बाहेरची तार न जोडता परदेशातलं स्टेशन पकडायचं, एवढाच मंडळाचा उद्योग. शमशाद उचगावात ब्लाउज शिवायची आणि दिवेलागणीला गच्चीवर जाऊन काटा केसाकेसानं सरकवत बसायची. खरखरीतून परक्या भाषेतले दोन शब्द निघाले तरी तिचं समाधान व्हायचं. मंडळींचं मात्र हारतुऱ्यांशिवाय होत नसे.

या खेपेचा हार सम्राटसाठी होता. मंडळात येऊन त्याला धड दोन महिनेही झाले नव्हते. भर दुपारी, पत्र्याच्या हॉलमध्ये, छातीशी धरलेल्या इवल्याशा रेडिओवर त्यानं न्यूझीलंड लावून दाखवलं. निवेदिका अशी खणखणीत बोलत होती, की पलीकडच्या खोलीत बसलीय म्हणावं. माना डोलल्या. उन्हात लांबचं स्टेशन येत नाही आणि पत्र्याखाली सांगलीसुद्धा नीट लागत नाही, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. पण नगरसेवक आले होते, त्यामुळं सगळ्यांची अक्कल गहाण पडली होती.

शमशादनं रेडिओ बघायला मागितला. सम्राटनं ऐटीत दिला. तिनं मागचं झाकण उघडून सेल काढले आणि टेबलावर ठेवले.

न्यूझीलंडची बाई बोलतच राहिली. सम्राटच्या जाकिटातल्या मोबाईलवरून.

कुणी हसलंसुद्धा नाही. मंडळाचे अध्यक्ष केरबाअण्णा घाम पुसत तिच्या कानाशी आले. "असू दे, शमशाद. पावणं बसल्यात."

"बसू द्यात की," ती म्हणाली. "त्यास्नी बी ऐकू आलंय."

तरी सम्राटच्या गळ्यात हार पडलाच. टाळ्या झाल्या, फोटो निघाले, नगरसेवकांनी कोल्हापूरचा आवाज सातासमुद्रापार गेल्याचं सांगितलं. आवाज तिकडून इकडं यायचा असतो, एवढंही त्यांना कुणी सांगितलं नाही. शमशाद चहा न घेताच निघाली.

चार दिवसांनी संध्याकाळी केरबाअण्णा तिच्या गच्चीवर आले. झालं गेलं विसरून तिनं मंडळाची परीक्षक व्हावं, असं त्यांचं म्हणणं होतं. शमशादनं रेडिओ मावळतीकडं वळवला, काटा सरकवला आणि रेडिओ त्यांच्या कानाला लावला. बऱ्याच वेळानं अण्णांचा चेहरा बदलला. खरखरीच्या तळातून एक म्हातारा गात होता. तो बुडायचा, पुन्हा वर यायचा.

"कुठला गं ह्यो?" अण्णा कुजबुजले.

"अजून कळलं न्हाय. नाव सांगत्यात का बघायचं."

अण्णांनी थोडा वेळ कळ काढली. मग म्हणाले, "इराण म्हणून टाकूया की. कोण बघायला जातंय?"

शमशादनं त्यांच्या हातातून रेडिओ काढून घेतला आणि जिन्यावरचा दिवा लावला.

"सावकाश उतरा, अण्णा," ती म्हणाली आणि पाठ फिरवून म्हाताऱ्याला पुन्हा शोधायला लागली.