खळ लावलेला धागा

मित्रांनो, मी एक जुना, डबीसारखा पितळी कॅमेरा आहे. बेळगावच्या एका तांबटाने मला घडवले आणि न सांगता झाकणावर मोरही कोरला.

"ह्यावर मोर कशाला, आण्णा?" सत्यवती हसली.

"आसू दे की. पितळ बोडकं दिसतंय."

सत्यवती शहापूरच्या विणकराची लेक. पदार्थविज्ञान शिकून ती कॉलेजात संशोधन करत होती. माझ्यात बारीक धागा ताणायचा, त्यावर क्ष-किरण सोडायचे. मग फिल्मवर ठिपके उमटत आणि त्यांवरून ती धाग्याच्या आतली ठेवण ओळखी. आधी रेशीम झाले, मग केस. १९३९ साली परदेशातून तिला चिमूटभर पांढरा पदार्थ आला. वासराच्या पेशींतून काढलेला. आज त्याला डीएनए म्हणतात. त्याची ठेवण पाहायची, हाच तिचा ध्यास होता.

ओला करून ओढला की त्याचा धागा निघे, पण कोरड्या हवेत तो तटकन तुटे. तुटता तुटता एकच धागा उरला. तेव्हा तिला घरचा माग आठवला. खड्ड्यातल्या ओलीत सूत तुटत नाही, म्हणून तर माग खड्ड्यात मांडतात. तिने धाग्यासकट मला घरी नेऊन त्या खड्ड्यात ठेवले.

सकाळी तिची आई बायाक्का खड्ड्यात उतरली. तिने माझे झाकण उघडले.

"अगं बया, सूत कोरडंच ठेवलंय! शिकली, पर घरची रीत इसरली."

खळ लावल्याशिवाय सूत मागावर चढवायचे नाही, ही विणकरांची रीत. तिने तांदळाच्या खळीचे बोट धाग्यावरून मायेने फिरवले.

सत्यवती आली. "आये, हात लावलास?"

"खळ लावली गं. आता तुटतंय का बघ."

तिने माझे झाकण हळूच लावले. मग म्हणाली, "बरं केलंस."

त्या धाग्याच्या फिल्मवर खळीची पुसट वलये तेवढी उमटली. युद्ध पेटले, पदार्थ पुन्हा आला नाही. धागा खळीने वाया गेला, हे आईला तिने कधीच सांगितले नाही. बायाक्का गल्लीत कौतुकाने सांगे, "पोरीच्या कामाला माझाबी हात लागलाय."

चार वर्षांनी सत्यवती विषमज्वराने गेली. कॉलेजाने मला घरी पोचवले.

"कॅमेरा म्हंत्यात न्हवं ह्याला?" बायाक्का म्हणाली. "मग माझ्या सत्यीचा फोटू आसंल की ह्यात."

तिने मला उघडले, उजेडाकडे धरले, उलटे करून पाहिले.

"बारीक आसंल. माझीच नजर गेली."

मित्रांनो, दुसऱ्याच्या कामाला विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि आपले माणूस काय काम करते, हे ते असतानाच जवळ बसून ऐकून घ्या. मागाहून माझ्यासारखी डबी कितीही उघडली, तरी आत काही सापडत नाही.