नकाशातला खड्डा

जेवताना बर्नार्ड सरांना ॲनिशाच्या पत्राची आठवण झाली आणि त्यांनी ताट बाजूला सारलं. पत्र येऊन बरेच दिवस झाले होते. उत्तर काही गेलं नव्हतं.

पुतण्या जॅक्सनची ही मुलगी विरारला राहायची. 'आजोबा, फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता, म्हणून लिहितेय,' अशी सुरुवात करून तिने एकच विचारलं होतं: इंजिनिअरिंगला सिव्हिल घेऊ की पर्यावरण? बाबा सिव्हिलवर अडून होते, तिचं मन पर्यावरणात होतं. पसंतीक्रम भरायची मुदत सोमवारी संपत होती.

सरांनी हयात शाळेत मराठी शिकवण्यात घालवली. चुका त्यांनी बेधडक काढल्या. पण कुणाला अमुक कर म्हणून सांगायची वेळ आली, की ते चष्मा पुसत बसत. प्रत्येक उत्तरात 'परंतु' येई आणि कागद टोपलीत जाई. आपल्या शब्दावर पोरीचं वाटोळं झालं तर? आणि न लिहावं, तर तिला वाटेल आजोबांनीही पाठ फिरवली.

"जन्मभर पुस्तकं वाचलीत," त्यांची बायको रोझलिन म्हणाली, "आणि पोरीला दोन ओळी लिहिता येईनात?"

शेवटी ते आपल्याच नंदाखाल गावातल्या युजीनकडे गेले. जुना विद्यार्थी, आता सिव्हिल इंजिनिअर. त्याने चहा पाजून सरळ सांगितलं, की सिव्हिलला कामं भरपूर, पर्यावरणाच्या जागा मोजक्या. आवड असेल तर पुढे तिकडे वळता येतंच. सरांना एकदम हलकं वाटलं. मत युजीनचं, तेव्हा जबाबदारीही त्याचीच.

मग युजीनने हौसेने तो गावात बांधणार असलेल्या नव्या हॉलचा नकाशा उलगडला. केळीच्या वाडीमागे पावसाचं पाणी साठवणारं जुनं बावखल होतं. नकाशात तिथे चौकोन काढून लिहिलं होतं: 'खड्डा – भराव'.

"खड्डा नाही, बावखल," सर सवयीने म्हणाले.

"सर, अजून मार्क कापताय?" युजीन हसला. "आम्हाला खड्डाच शिकवला. खोली मोजायची, माती टाकायची."

"आणि विहिरी?"

"त्या माझ्या नकाशात येत नाहीत, सर."

तो उद्धटपणे बोलला नव्हता. खरंच येत नव्हत्या. बावखलाचं पाणी मुरतं म्हणून आसपासच्या विहिरी गोड राहतात, हे गावात शेंबडं पोरही जाणे. पण नकाशावर ते मांडणारं कुणी शिकलेलं नव्हतं. परतताना सर भराभर चालत होते. आता सल्ला उसना घेता येणार नव्हता.

घरी येताच त्यांनी उभ्यानेच लिहिलं:

'चि. ॲनिशा, पर्यावरण घे. नोकरी लवकर लागेल असं मला म्हणवत नाही. युजीन म्हणतो सिव्हिल घे, आणि त्याला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी घे. बाबा रागावले तर माझं नाव सांग. मी येऊन त्यांच्याशी बोलेन.'

वाचून पाहिलं तर पुन्हा 'परंतु' आला असता, म्हणून न वाचताच त्यांनी पाकीट चिकटवलं आणि आगाशीचं पोस्ट गाठलं. खिडकीतल्या बाईंना त्यांनी विचारलं, मुदतीआधी पोहोचेल ना.

"विरारलाच तर जायचंय, काका."

एक शब्द बदलायचा होता, असं त्यांच्या ओठांवर आलं. तोवर बाईंनी शिक्का मारून पाकीट थैलीत टाकलं होतं.